आधीचा रकाना

फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या बसस्टँडवर नुकतीच उतरले होते. ऑफिसला जायला ऑटो पाहत होते. पलीकडे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांनी मला फोन करायची पद्धत आमच्या घरात नाही, म्हणून नाव दिसल्याबरोबर समोर आलेला ऑटो सोडून दिला. "मीना, हिचं काही खरं वाटून नाही राह्यलं. अन् रेणू वरडून राह्यली. तू ये लवकर." उतरले त्याच गाडीनं परत दारव्ह्याला निघाले. पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझ्या जाऊबाई, सुलभाताई, सैपाकघरात चटईवर होत्या. गॅसवर दूध तसंच होतं, उतू जाऊन थंड झालेलं. हृदयविकाराचा झटका म्हणे. बायका गोळा झाल्या होत्या, आणि मागच्या खोलीचं दार आतून कोणीतरी धाडधाड वाजवत होतं. ती त्यांची मुलगी, रेणू. सोळा वर्षांची. "गडबड करून राह्यली म्हणून कडी लावली," असं एकीनं मला सांगितलं, आणि वर डोळेही पुसले. मी त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल तर ती कडी काढली. रडले नंतर.

आता सात आठवडे झाले. मध्यंतरी पेपरात त्यांच्या फोटोखाली छापून आलं, 'सोशिक, शांत, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या'. मी तो अंक अजून घडी करून ठेवला आहे, प्रेमानं नाही, रागानं. सोशिक? आमच्या ताई? ज्या बाईनं एकदा भरल्या एसटीत कंडक्टरला सुनावलं होतं त्या? तो म्हणाला, पोरीले गप करा नाहीतर खाली उतरा. ताई जागेवरून न हलता म्हणाल्या, "तिकीट आमचं आहे, आमी बसतो. तुमाले आवाज सोसत नसंल तर तुमी उतरा." सगळी गाडी हसली. रेणू ओरडत होती ती ओरडतच राहिली, आणि ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. बाई मेली की तिला सोशिक म्हणून मोकळं व्हायचं, हे आपल्याकडे फार सोपं झालं आहे. जिवंतपणी याच बाईला हेच लोक भांडकुदळ म्हणायचे. दोन्ही मी कानांनी ऐकलं आहे, म्हणून लिहिते आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रेणू चार वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी ताईंनी मला सैपाकघरात बोलावलं. वाटलं, आता डाळीत फोडणी कशी घालायची ते सांगतील. म्हणाल्या, "ही बोलत नाही. बहिरी नाही, येडी नाही. हिच्यासमोर हिच्याबद्दल बोलायचं नाही, एवढं पाळ. बाकी तुले सैपाक नाही आला तरी चालते." नागपूरच्या डॉक्टरांनी तोवर ऑटिझम असं नाव सांगितलं होतं. स्वमग्नता. त्या शब्दाचं आमच्या घरी काय झालं? वणीच्या आत्याबाई, म्हणजे सासऱ्यांच्या बहीण, म्हणाल्या की घरात कोणी नवस फेडला नसेल. भासरे म्हणाले, वयानं बोलेल. कोणी म्हणालं, आईनं मोबाईल दिला असेल. ताईंकडे त्या वेळी मोबाईलच नव्हता. रेणूला काय आवडतं हे मात्र कोणी विचारलं नाही. तिला कापूस आवडायचा. हंगामात मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असे. ती त्यातली एक टोपली घेऊन ओसरीवर बसायची, बोंडातून सरकी निवडायची आणि एकेक बी स्टीलच्या डब्यात टाकायची. टण्... थांबायची, ऐकायची, मग दुसरी. असं तीन-तीन तास. त्या वेळात तिच्यासारखं शहाणं मूल आख्ख्या दारव्ह्यात नसेल.

ती सात वर्षांची झाली तेव्हा 'बिहेवियर कन्सल्टंट' हा शब्द पहिल्यांदा घरात आला. मूल का चावतं, का फेकतं, का ओरडतं ते बघून घरच्यांनी काय करायचं हे सांगणारा माणूस. आत्याबाईंच्या मुलाच्या ओळखीचे एक सर होते, मोठ्या शहरातले. एका रविवारी आमच्याकडे यायला ते तयार झाले. आता इथं आम्ही जे केलं ते ऐका. चूक त्या सरांची पुढची, पहिली आमची. आमच्याकडे शिकलेला पाहुणा मुलीला 'बघायला' येणार म्हटलं की घराला एकच गोष्ट माहीत आहे, आणि तीच आम्ही केली. सोफ्यावर नव्या चादरी घातल्या. आत्याबाई आठ दिवस आधी येऊन राहिल्या आणि रेणूला हात जोडून नमस्ते करायला शिकवू लागल्या. तिला जरीचा फ्रॉक घेतला, गळ्याशी टोचणारा. तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या. कांदेपोहे केले, वर शेव भुरभुरली. सात वर्षांच्या पोरीचा बघण्याचा कार्यक्रम! आणि सकाळी कोणीतरी म्हणालं, हा ओसरीवरचा पसारा उचला गं, पाहुण्याच्या पायात येईल. टोपली आणि डबा मी उचलला. माळ्यावर ठेवला. कोणी सांगितलं म्हणून ठेवला असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, पण हात माझेच होते.

सर आले. गाडीतून उतरले, हात धुतले, सोफ्यावर बसले. रेणू सकाळपासून ओसरीवर टोपलीच्या जागी जाऊन जमीन चाचपत होती. तिला ओढून आणून समोर उभी केली. ती नमस्ते करेना. तेव्हा सरांना दिसावं, की बघा आमच्या घरी पोरीवर किती जीव आहे, म्हणून आत्याबाईंनी पुढं होऊन तिची अलाबला घेतली. दोन्ही तळवे तिच्या गालांवरून फिरवले आणि तिच्या कानाशीच आपल्या कानशिलावर दहाच्या दहा बोटं कडाकडा मोडली. रेणूनं त्यांच्या मनगटाला चावा घेतला. सोडेचना. पोह्यांची बशी सरांच्या पँटवर. मग ओरडणं, मग डोकं भिंतीवर आपटणं, मग भासऱ्यांनी तिला उचलून आत नेणं. सरांनी रुमालानं पोहे झटकले आणि लिहायला घेतलं. ताई समोर उभ्या राहिल्या. "सर, ही रोज अशी नसते. आज आमीच तिचं सगळं उलटंपालटं केलं. उद्या सकाळी या, आमी कोनी काही करनार नाही, तुमी नुसतं बसून पाहा." सर म्हणाले, "मॅडम, मला अनुभव आहे. एका नजरेत कळतं." आणि मग म्हणाले, "मुलीकडे दिवसभर आईच असते ना? तेच. लाड झालेत."

वीस मिनिटं. त्यातली पाच हात धुण्यात गेली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला : मूल आक्रमक आहे, घरातील इतरांना धोका आहे, घरी ठेवणे योग्य नाही, निवासी संस्थेचा विचार करावा. खाली झोकदार सही. माणूस एका पोराचं आयुष्य कागदावर लिहितो आणि त्या पोराला काय आवडतं याची एक ओळ त्यात नसते... मला आजही तो कागद आठवला की कान तापतात. भासऱ्यांनी रिपोर्ट प्लास्टिकच्या फाईलीत घालून जमिनीच्या सातबाऱ्याजवळ ठेवला. जपून. आणि त्या रविवारी पाहुणे गेल्यावर ताईंनी एकदाच विचारलं होतं, "डब्बा कोनं उचलला?" मी पोह्यांच्या बशा घासत होते. मी पुढची बशी घासायला घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ताईंनी ठरवलं की माणूस आपण शोधायचा, आणि तो रेणूला बघणार नाही, रेणू त्याला बघेल. अट एकच. येईल त्यानं ओसरीवर तिच्याजवळ बसायचं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही, मग पुढची गोष्ट. ताई ब्लाऊज शिवायच्या, फी त्यातून द्यायची असं त्यांनी भासऱ्यांना आधीच बजावलं होतं, म्हणजे मध्ये बोलायची सोय नको. एक बाई आल्या, त्यांना टेबल-खुर्ची हवी होती. एक जण आले, पाच मिनिटं बसले आणि मोबाईल पाहू लागले. ताईंनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. मग कविता आली. दारव्ह्यापासून थोड्या अंतरावरच्या बंजारा तांड्यावरची, चोवीस-पंचवीस वर्षांची, यवतमाळच्या एका केंद्रात काम करणारी. तिची स्वतःची धाकटी बहीण अशीच आहे, म्हणून ती हे शिकली होती. काळीपिवळी जीपमधून उतरली, चप्पल काढली, ओसरीवर बसली. टोपलीतलं एक बोंड घेतलं आणि सरकी निवडू लागली. तिच्याकडे डबा नव्हता, म्हणून ती बिया ओंजळीतच ठेवत होती. सव्वा तास. आम्ही दाराआडून पाहत होतो. सव्वा तासानं रेणूनं आपला डबा सरकवून दोघींच्या मधोमध ठेवला. ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये."

भासरे चिडले. "आता तांड्यावरची पोट्टी आपल्याले शिकवनार?" ताई शिलाई मशीनवरून उठल्याही नाहीत. "तुमाले आठ वरसात नाही दिसलं ते तिले सव्वा तासात दिसलं. शिकवनारच." त्या दिवशी भासरे जेवले नाहीत. ताई जेवल्या, पोटभर.

कवितानं काय जादू केली असेल असं वाटेल. काही नाही. तिनं एक जाड वही आणायला लावली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : आधी, काय झालं, नंतर. ती ताईंना तिच्या बोलीत 'याडी' म्हणायची, म्हणजे आई. म्हणाली, "याडी, चावली की लिवा. का चावली ते नाही लिवाचं, ते आपल्याले माहीत नाही. चावायच्या आधी काय झालतं तेवढं लिवा." ताईंनी वहीला सुतळीनं पेन बांधलं आणि सैपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकवली. हाताला पीठ असलं तरी लिहायच्या, म्हणून त्या वहीच्या पानांना अजून पीठ लागलेलं आहे. तीन महिन्यांनी एका दुपारी दोघी वही घेऊन बसल्या, कवितानं लाल पेन काढलं. बाजाराच्या दिवशी जास्त. सणाला जास्त. पाहुणे आले की हमखास. आणि मग आधीच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा सापडू लागला, त्याच्याखाली ती लाल रेघ मारत गेली. अलाबला. बाजाराला आलेली मावशी, अलाबला. दिवाळीची ओवाळणी, अलाबला. शेजारच्या आजी, अलाबला. रेणू त्रास द्यायला चावत नव्हती. तिच्या कातडीवर आणि कानावर आम्ही सगळे मिळून रोज फटाके लावत होतो, आणि त्याला माया म्हणत होतो. ताई आधी हसल्या. मग तोंडावर पदर घेऊन खूप रडल्या. "माह्याच हातानं म्या किती वेळा घेतली असंल," म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या दारात उभ्या राहू लागल्या. येणाऱ्याला पाणी नंतर, हे आधी : पोरीला हात लावायचा नाही. भेटायचं असेल तर तळहात पुढं करायचा आणि थांबायचं. तिला वाटलं तर ती त्यावर एक सरकी ठेवेल. नाही वाटलं तर नाही. माणसं एवढी दुखावली म्हणून सांगू! जशी काही ताईंनी त्यांची जमीनच मागितली होती. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, हे कुठलं शास्त्र? आत्याबाईंनी दोन वर्षं दारव्ह्याचं नाव टाकलं. 'भांडकुदळ' हा शब्द त्याच काळातला. आणि त्याच काळात रेणूचं चावणं महिन्यावर आलं, मग चार महिन्यांवर. पाहुणा येऊनही चावली नाही की ताई त्या नोंदीखाली कविताच्या लाल पेनानं रेघ मारायच्या. ती कपडे घडी करायला शिकली, पोळपाटावर लाट्या मांडायला शिकली, भूक लागली की ताटाचं चित्र दाखवायला शिकली. हे कौतुक करायला मात्र कोणी आलं नाही.

आता तेरवीचं सांगते. त्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. घर माणसांनी भरलेलं. दारात उभी राहायची बाई फोटोत जाऊन बसलेली. मी आत वाढप बघत होते, आणि बाहेर जे व्हायचं ते झालं. बायका एकीमागून एक रेणूला कवेत घेत होत्या. "माय गेली वं तुही..." गाल, डोकं, कडाकडा बोटं. दु:ख त्यांचं खरंच असेल, मी नाही म्हणत नाही. पण तिची माय गेली होती, त्यांची नाही. एकीनंही तिला विचारलं नाही. पाचवी पाळी आत्याबाईंची, आणि रेणूनं त्यांच्या त्याच मनगटाला चावा घेतला. लगेच सगळं सुरू झालं. आईविना पोर हाताबाहेर गेली, आता कोण सांभाळणार, उद्या कोणाचा डोळा फोडेल. भासरे उठून आत गेले आणि येताना हातात ती प्लास्टिकची फाईल. नऊ वर्षं जपलेली. बैठकीत त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला : घरी ठेवणे योग्य नाही. आत्याबाई म्हणाल्या, "तवाच सांगतलं होतं शिकलेल्या मानसानं. टाका संस्थेत, अन् मोकळे व्हा." माना हलल्या. पुढच्या सोमवारी कोण गाडी घेऊन जाणार इथपर्यंत बोलणं गेलं. तिच्या कपड्यांचीसुद्धा कोणाला आठवण नव्हती.

मी सैपाकघरात गेले. खिळ्याला चालू वही होती, बाकीच्या जुन्या पिठाच्या डब्यावर रचलेल्या. सगळ्या उचलल्या आणि बैठकीत आणून ठेवल्या. आमच्याकडे सून भासऱ्यांसमोर खाली मान घालून बोलते. त्या दिवशी मान वर होती. म्हटलं, भाऊजी, एक कागद तुम्ही वाचला, आता हे मी वाचते. सगळ्यात जुनी वही घेतली, पहिलं पान उघडलं. मला वाटलं होतं पहिली नोंद कविता आल्यानंतरची असेल. नव्हती. ताईंनी सुरुवात त्या रविवारपासून केली होती, एक वर्ष मागं जाऊन, आठवून. मी मोठ्यानं वाचत होते म्हणून थांबताही येईना. 'आधी : नवा फ्रॉक टोचत होता. वेण्या घट्ट. टोपली-डबा जागेवर नव्हता (मीनानं माळ्यावर ठेवला). आत्याबाईंनी अलाबला घेतली. काय झालं : चावली. नंतर : सगळे तिच्यावर ओरडले. तिची चूक नाही.'

कंसात माझं नाव. सुवाच्य अक्षरात. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. त्याच ओसरीवर आम्ही दोघींनी मिळून किती पापड लाटले, किती भांडलो, मी बाळंतपणाला माहेरी जाताना त्यांनी मला डिंकाचे लाडू बांधून दिले... आणि त्यांनी कधी एका शब्दानं सुनावलं नाही. कंडक्टरला सोडलं नाही त्या बाईनं मला सोडलं. मला आधी शरम वाटली, आणि लगेच संताप आला. माझा, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांचा. म्हटलं, हो, मी ठेवला होता माळ्यावर. माझी चूक त्यांनी लिहिली. आत्याबाईंची लिहिली. स्वतःची तर पानापानावर लिहिली. रेणूच्या चावण्याच्या आधी आपण काय केलं हे या घरात फक्त त्यांनीच पाहिलं. आणि तुम्ही त्या वीस मिनिटांच्या माणसाचा कागद वाचता? आज काय झालं आधी, सांगा ना. पाच जणींनी अलाबला घेतली. मला मोजता येतं.

भासऱ्यांनी वही माझ्या हातातून घेतली. पानं उलटत राहिले. "हे सारं हिनं लिहिलं?" म्हणाले. रोज सकाळी चहाला बसायचे ती खुर्ची त्या खिळ्याच्या खालीच आहे. आठ वर्षं वही त्यांच्या डोक्यावर लटकत होती, आणि त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "कविता कोन्या दिवशी येते?" आठ वर्षं, आठवड्यातून दोनदा, त्यांच्याच ओसरीवर. मी म्हटलं, सोमवारी आणि गुरुवारी. "मंग सोमवारी येऊ दे तिले," एवढंच बोलून ते उठले. ती फाईल जमिनीवरच राहिली. ती आता माझ्याकडे आहे. सोमवारी गाडी कुठंही गेली नाही. मी ऑफिसात अर्ज देऊन सकाळची वेळ बदलून घेतली आहे, आणि रेणूचं सगळं आता माझ्याकडे आहे, हे मी त्या बैठकीतच सांगून टाकलं. माझ्या नवऱ्यालाही ते तिथंच कळलं.

लोक म्हणतात, फार मोठं मन केलंस. मन वगैरे काही नाही. मला राग आला आहे, आणि तो उतरत नाही, आणि तो उतरूही नये असं वाटतं. एका बाईनं इतकी वर्षं लिहून ठेवलं आणि ते घराला तिच्या तेरवीला वाचून दाखवावं लागलं, याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

मागच्या आठवड्यात आत्याबाई पुन्हा आल्या. रेणू ओसरीवर टोपली घेऊन बसली होती. ताई उभ्या राहायच्या तिथं, दारात, मी उभी राहिले. म्हटलं, आत्याबाई, हात पुढं करा आणि थांबा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. पण पिशवी खाली ठेवली आणि ते चाव्याच्या दोन खुणांचं मनगट पुढं केलं, तळहात वर. खूप वेळ थांबल्या. रेणूनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं बोंड घेतलं. सरकी काही ठेवली नाही. आत्याबाई हात मागं घेऊन आत गेल्या, पाणी प्यायल्या.

मी खिळ्यावरची वही काढली. सुतळीला तेच पेन आहे. लिहिलं : 'आधी : आत्याबाई हात पुढं करून थांबल्या. काय झालं : काही नाही. नंतर : काही नाही.' ताई असत्या तर याच्याखाली त्यांनी लाल रेघ मारली असती. मी मारली.